३०० बँकांचं यूपीआय एकाच वेळी का थांबलं होतं? कमांड लाइनवरच्या सुरक्षा चाचणीची गोष्ट

३१ जुलै २०२४. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय चालेना, एटीएममधून पैसे निघेनात. यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. खात्यात पैसे होते आणि बँकेची शाखाही उघडी होती. तरीही समोरच्याला ५० रुपये पाठवता येत नव्हते.

कारण थोड्याच वेळात समोर आलं. या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला होता. रॅन्समवेअर म्हणजे संगणकातली माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. हा संसर्ग पुढे पसरू नये म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, सी-एजला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं वेगळं केलं. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली.

रॉयटर्सच्या बातमीनुसार, या बँकांचा देशातल्या पेमेंटमधला वाटा जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. आकडा छोटा वाटतो. पण तो अर्धा टक्का राहतो कुठे? जामनेरसारख्या तालुक्याच्या गावांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खेड्यांत. कापूस विकल्याचे पैसे, पीककर्जाचा हप्ता, पोरांच्या कॉलेजची फी आणि किराणा दुकानातला क्यूआर कोड यातलं बरंच काही सहकारी किंवा ग्रामीण बँकेच्या खात्यावर चालतं. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यातल्या सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे या हल्ल्याचं कारण समजून घेणं आपल्यासाठी जास्त गरजेचं आहे.

हल्लेखोर आत शिरले कुठून?

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने या हल्ल्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांच्या म्हणण्यानुसार सुरुवात सी-एजसोबत काम करणाऱ्या ब्रोंटू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या कंपनीच्या एका सर्व्हरपासून झाली. त्या सर्व्हरवर जेनकिन्स नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याची मांडणी नीट केलेली नव्हती. हल्ल्यामागे रॅन्समएक्स ही टोळी असल्याचंही या विश्लेषणात म्हटलं होतं.

जेनकिन्स हे सॉफ्टवेअर कंपन्यांमधलं रोजच्या वापरातलं साधन आहे. प्रोग्रामरने नवा कोड लिहिला की तो जोडायचा, तपासायचा आणि सर्व्हरवर चढवायचा, ही सगळी कामं जेनकिन्स आपोआप करतं. या कामांसाठी त्याच्याकडे अनेक सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड आणि गुप्त कोड ठेवलेले असतात. जेनकिन्स हातात आलं, की पुढची अनेक दारं उघडू शकतात.

या जेनकिन्सला कमांड लाइनवरून सूचना देता येतात. त्या सोयीतच एक त्रुटी होती. सूचनेत @ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचा पत्ता लिहिला, की जेनकिन्स त्या जागी फाइलमधला मजकूर वाचून घ्यायचं. त्यामुळे लॉगिन न केलेला परका माणूसही सर्व्हरवरच्या फाइलच्या पहिल्या काही ओळी वाचू शकत होता. वाचनाची परवानगी असलेल्याला तर पूर्ण फाइल दिसत होती. सोनार या कंपनीचे संशोधक यानिव निझ्री यांनी ही त्रुटी शोधली. तिचा अधिकृत क्रमांक आहे सीव्हीई-२०२४-२३८९७.

आता तारखा पाहा. जेनकिन्सने ही त्रुटी जाहीर केली २४ जानेवारी २०२४ ला. दुरुस्त केलेली आवृत्तीही त्याच दिवशी, फुकट उपलब्ध झाली. बँकांचं यूपीआय थांबलं ३१ जुलैला. म्हणजे औषध बाजारात येऊन सहा महिने झाले होते.

कमांड लाइन म्हणजे काय आणि तिथे चाचणी कशी होते?

सिनेमात हॅकर दाखवताना काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळताना दाखवतात. तो काळा पडदा म्हणजे कमांड लाइन. तिथे बटणं आणि चित्रं नसतात. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, उत्तरही अक्षरांतच येतं. सुरक्षा तपासणारी बहुतेक महत्त्वाची साधनं याच पडद्यावर चालतात आणि त्यातली बरीच मोफत आहेत.

कोणत्या सर्व्हरची कोणती दारं उघडी आहेत हे सांगणारं एनमॅप १९९७ पासून वापरात आहे. सेमग्रेप लिहिलेल्या कोडमधल्या धोकादायक जागा दाखवतं. कोडमध्ये चुकून राहिलेले पासवर्ड गिटलीक्स शोधतं. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरच्या तुकड्यांत आधीच माहीत असलेल्या त्रुटी आहेत का, हे ट्रिव्ही तपासतं. झॅप हे साधन चालू वेबसाइटला हल्लेखोरासारखे धक्के देऊन पाहतं.

ही साधनं एकेक करून हाताने चालवता येतात. पण त्यांची खरी ताकद साखळीत आहे. यालाच वर्कफ्लो म्हणतात. कोणती तपासणी कधी, कोणत्या क्रमाने करायची आणि काय सापडलं तर थांबायचं, हे एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. मग प्रोग्रामरने कोड पाठवला, की आधी पासवर्ड शोधले जातात, मग कोड वाचला जातो, मग बाहेरून आणलेले तुकडे तपासले जातात. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर ॲप चढवून त्याला धक्के देऊन पाहिलं जातं.

प्रत्येक साधन काम संपवताना एक आकडा मागे ठेवतं. शून्य म्हणजे ठीक. दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं आहे किंवा सापडलं आहे. शून्य आला नाही तर साखळी तिथेच थांबते आणि तो कोड ग्राहकांपर्यंत पोहोचत नाही. यात साहेबांची सही लागत नाही, मीटिंग लागत नाही. शिवाय कोणती तपासणी कधी झाली आणि काय सापडलं याची लेखी नोंद राहते.

वर्षातून एकदा ऑडिट होतंच, मग हे कशाला?

गावातल्या दूध डेअरीचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक खेपेला फॅट मोजतात. वर्षातून दोनदा फॅट मोजून वर्षभराचं बिल काढलं तर कुणी मान्य करेल का? सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. ते रोज बदलतं, आणि त्यातल्या नव्या त्रुटीही रोज जाहीर होतात.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ ला सायबर सुरक्षेचा पायाभूत आराखडा दिला. ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांच्या डिजिटल सेवांनुसार चार पातळ्या ठरवल्या. वरच्या पातळ्यांतल्या बँकांना महत्त्वाच्या प्रणालींमधल्या त्रुटींची तपासणी किमान सहा महिन्यांतून एकदा करावी लागते. प्रत्यक्ष घुसून पाहण्याची चाचणी वर्षातून किमान एकदा करावी लागते.

नियम चांगला आहे, पण तो किमान मर्यादा सांगतो. समजा एखाद्या संस्थेची तपासणी १५ जानेवारीला झाली आणि अहवाल स्वच्छ आला. २४ जानेवारीला जेनकिन्सची त्रुटी जाहीर झाली. पुढची तपासणी १५ जुलैला. मधले जवळपास सहा महिने कागदावर सगळं ठीक आणि प्रत्यक्षात दार उघडं. हल्लेखोर मात्र कॅलेंडर बघून येत नाहीत. त्रुटी जाहीर झाली की तेही अशाच कमांड लाइनच्या साधनांनी इंटरनेटवर उघडे सर्व्हर शोधत फिरतात. रोज रात्री आपोआप चालणारी तपासणी असेल तर अशी त्रुटी यादीत आल्यावर एक-दोन दिवसांत लाल दिवा लागू शकतो.

महाराष्ट्राने याआधीही किंमत मोजली आहे

वर सांगितलेला २०१८ चा आराखडा आला त्याच्या दोनच महिने आधी पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला होता. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा बसवली होती. त्यामुळे खोट्या कार्डांवरच्या मागण्या परस्पर मंजूर होत गेल्या आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्यानंतर स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या बँकेत वळवण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

दोन्ही घटनांत एक फरक आहे. कॉसमॉसमध्ये घाव थेट बँकेवर होता. २०२४ मध्ये एनपीसीआयच्या सांगण्यानुसार बँकांच्या स्वतःच्या यंत्रणा बाधित नव्हत्या, तरी सेवा त्यांच्याच ग्राहकांची थांबली. छोटी बँक सॉफ्टवेअर स्वतः बनवत नाही, ते एका कंपनीकडून घेते. त्या कंपनीचं काम आणखी एखादी कंपनी करते. बँकेने स्वतःचं घर कितीही तपासलं, तरी तिसऱ्याच घराच्या उघड्या खिडकीतून चोर येऊ शकतो.

साधनं मोफत आहेत, मग अडतं कुठे?

पहिली अडचण माणसांची. साधन फुकट मिळतं, पण त्याचा अहवाल वाचणारा माणूस फुकट मिळत नाही. पहिल्यांदा तपासणी केली की शेकडो इशारे येतात. त्यातले बरेच खोटे किंवा किरकोळ असतात. कोणता इशारा आज रात्रीच सोडवायचा आणि कोणता पुढच्या महिन्यात, हे अनुभवी माणूसच ठरवू शकतो. तो नसेल तर काही दिवसांनी इशाऱ्यांकडे कुणी बघतही नाही.

दुसरी अडचण म्हणजे यंत्राला सगळं कळत नाही. समजा ॲपमध्ये एका ग्राहकाने खातेक्रमांकाचा एक आकडा बदलला आणि त्याला दुसऱ्याची शिल्लक दिसली. साधनाच्या दृष्टीने पान नीट उघडलं, त्यामुळे सगळं ठीक. ही माहिती त्या माणसाला दिसायला नको होती, हे तपासायला माणसाचं डोकं लागतं.

तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. तपासणीचं साधनच बिघडवलं तर? २०२१ मध्ये कोडकव्ह या कंपनीच्या साधनाबाबत हेच घडलं. अनेक कंपन्या कोडच्या चाचणीत वापरत असलेल्या तिच्या स्क्रिप्टमध्ये जानेवारीच्या अखेरीस कुणीतरी गुपचूप बदल केला. ती स्क्रिप्ट कंपन्यांचे गुप्त कोड बाहेर पाठवत राहिली आणि हे उघड झालं एप्रिलमध्ये. जेनकिन्सचाही धडा तोच आहे. जे यंत्र सगळ्यांची तपासणी करतं, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त चाव्या असतात. म्हणून ते इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं, त्याला कमीत कमी अधिकार द्यायचे असतात आणि ते सगळ्यात आधी अपडेट करायचं असतं.

घरी बसून बँकेची वेबसाइट तपासली तर चालेल का?

नाही. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत संगणक शिकणाऱ्या अनेकांना यूट्यूब बघून ही साधनं वापरून पाहावीशी वाटतात. साधन लॅपटॉपमध्ये ठेवणं गुन्हा नाही. पण मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं. ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त बघत होतो’ हे नंतर पोलिसांना पटवत बसावं लागतं.

सरावासाठी ज्यूस शॉप, वेबगोट अशी मुद्दाम कच्ची ठेवलेली ॲप मोफत मिळतात. ती स्वतःच्या संगणकावर चालवून हवे तेवढे हल्ले करता येतात. कुठे खरी त्रुटी नजरेस पडली तर ती सोशल मीडियावर टाकण्याआधी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवता येते.

पुढे काय?

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत माहिती द्यावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था एनयूसीएफडीसी २ मार्च २०२४ ला सुरू झाली. एकट्या छोट्या बँकेला तज्ज्ञांची टीम परवडत नाही. मात्र पन्नास बँकांनी मिळून ती ठेवली, तर रोजच्या तपासणीचा खर्च वाटला जाऊ शकतो. सहकाराची मूळ कल्पना यापेक्षा वेगळी कुठे आहे?

ग्राहक म्हणून तुम्ही सर्व्हर तपासू शकत नाही, पण प्रश्न विचारू शकता. सभासद असाल तर बँकेच्या वार्षिक सभेत लाभांशासोबत हेही विचारा: आपलं सॉफ्टवेअर कोण पुरवतं? त्यांची तपासणी किती दिवसांनी होते? मागच्या अहवालातल्या किती त्रुटी अजून बाकी आहेत?

आणि खात्यातून तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, तर लगेच बँकेला लेखी कळवा आणि १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. चूक ना तुमची ना बँकेची, यंत्रणेत इतरत्र असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नुकसान तुमच्या माथी येत नाही. हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. त्यामुळे बँकेत दिलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आजच पाहून घ्या. व्यवहाराचा मेसेज जुन्या नंबरवर जात असेल, तर ते तीन दिवस तुम्हाला न कळताच संपतील.