कोंबड्यांसाठी आंबोण

कोंबडीला वाढून द्यावं लागत नाही, असा आपल्याकडचा जुना समज आहे. म्हशीला आंबोण, बैलाला पेंड, कुत्र्याला भाकरीचा तुकडा. कोंबडीनं मात्र उकिरडा उकरून आपलं आपण पाहायचं आणि वर अंडं द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या तिनं ते केलंही. पण उकिरडेच बदलले. आमच्या वाटूरच्या उकिरड्यात हल्ली शेणकुरापेक्षा प्लॅस्टिकच्या पुड्या जास्त निघतात. मळणीयंत्र आलं तशी खळी गेली आणि खळ्याभोवती सांडणारे दाणेही गेले. खरीप ज्वारीची रानं सोयाबीननं घेतली, त्यामुळं जात्याभोवतीच्या नाही तरी गिरणीतून येणाऱ्या कण्या घरात उरायच्या, त्याही संपल्या. आज जिच्या दारात आठ-दहा कोंबड्या आहेत, तिला दाणे विकत आणावे लागतात. आमच्या गल्लीतल्या एका अक्कांनी हे अर्थशास्त्र मला दोन वाक्यांत सांगितलं. "भाऊ, अंडी इकून दाणे आणायचे अन् दाणे घालून अंडी इकायची. लेकरायच्या ताटात काय पडावं मग?"

या प्रश्नावर सध्या एक उत्तर मोबाइलवरून गावोगाव फिरतं आहे. दाणे भिजवून, आंबवून घाला. खर्च निम्म्यावर येतो, रोग जवळ फिरकत नाहीत, अंडी दुप्पट होतात. मी तीसेक वर्षं बँकेत कर्जाची प्रकरणं तपासली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळं आकड्यांतली कल्पित कथा मला जरा लवकर ओळखू येते. दाणे आंबवून घालावेत, या मताचा मी आहे. निम्म्या खर्चाची गोष्ट मात्र कादंबरीच्या कप्प्यात ठेवावी.

मुळात ही विद्या आपल्याला कुणी शिकवायला नको. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून चीक काढणारी बाई, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील करणारी बाई हेच काम करत आली आहे. फरक इतकाच, की कुरडयांच्या गव्हाचं पाणी रोज बदलतात. इथं बदलायचं नाही. ज्वारी, मका, थोडा गहू असा भरडा माठात किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यावा. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटानं ते खाल्लं जातं. दाण्यांवर चार बोटं पाणी राहील इतकं घालावं, वर फडकं बांधावं, दिवसातून एकदा काठीनं ढवळावं. मे महिन्यात आमच्याकडे एका रात्रीतच काम होतं, पौषात तीन दिवस लागतात. ताकासारखा आंबूस वास आला की घाणं साधलं. बादलीतलं पळीभर पाणी मागं ठेवलं, की तेच पुढच्या घाण्याचं विरजण. याच्यासाठी 'कल्चर' म्हणून पुड्या विकणारे आता निघाले आहेत. दह्याला विरजण विकत आणण्यासारखंच ते आहे.

आत काय घडतं? दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद दाण्यावर असतात. पाण्याखाली, हवेआड ते वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात कुजवणाऱ्या आणि हगवण लावणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. दुसरं काम अधिक नाजूक आहे. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात मुदत ठेवीसारखा अडकलेला असतो आणि कोंबडीच्या पोटाला ती ठेव सहजी मोडता येत नाही. भिजल्यावर, आंबल्यावर फायटेज नावाचं विकर ती थोडीफार मोडून देतं. शिवाय कोरड्या भरड्यातलं पीठ वाऱ्यानं उडतं, मातीत जातं, कोंबड्या मोठे दाणे वेचून बाकीचं पायानं उडवतात. ओल्या खाद्यात पीठ दाण्याला चिकटून पोटात जातं. माझ्या मते खरी बचत आहे ती इथं.

आता निम्म्याचा हिशेब कुठून येतो ते पाहू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. दहा कोंबड्यांना रोज एक किलो शंभर ग्रॅम, महिन्याला ३३ किलो. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडामुंगी, हिरवं खाऊन त्यातलं काही स्वतः कमावतात. किलोभर भरड्यात सव्वा लिटर पाणी घातलं की बादली दुपटीहून जड होते आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा दाण्यात किती झालं! पण पाण्यात पीठ वाढत नाही, पाणीच वाढतं. मोजायचं ते कोरड्या दाण्याचं वजन. आमच्या एका शाखेत दूध मोजताना फेस मोजणाऱ्याची गोष्ट सांगत, ती मला इथं हटकून आठवते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. आंबवल्यानं वाईट दाणा चांगला होत नाही. परतीच्या पावसात कणसं भिजून ज्वारी काळी पडते, ती माणसं खात नाहीत आणि "कोंबड्यांना चालतंय" म्हणून बाजूला ठेवतात. ती चालत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीच्या विषानं. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ते विष आंबवून जात नाही, शिजवूनही पुरतं जात नाही. बादलीवर पातळ पांढुरकी साय आली तर ढवळून टाकावी. हिरवी, काळी, गुलाबी लव दिसली किंवा कुजका वास आला तर सगळं खड्ड्यात. तसंच सोयाबीनचं. घरचं आहे म्हणून कच्चं सोयाबीन भिजवून घालू नये. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट भाजल्यानं जातो, नुसत्या भिजवण्यावर विसंबू नये. सरकीची पेंड म्हशीला मानवते, कोंबडीला जास्त झाली तर ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो.

आणि नुसतं धान्य, आंबवलेलं असलं तरी, पुरत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. ज्वारीत ती दहाच्या आगेमागे. म्हणजे सोयाबीनची पेंड थोडी तरी घालावीच लागणार. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमवर कॅल्शियम जातं, ते ज्वारीतून येत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. नाहीतर घरातलीच कवचं भाजून, बारीक कुटून. पिलांना तर हे खाद्य मुख्य जेवण म्हणून देऊच नये, त्यांची प्रथिनांची गरज याहून मोठी असते.

रोगाबद्दल जे बोललं जातं ते ऐकून मला भीती वाटते. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या गेल्या. अशा साथीपुढं आंबट दाणा काय करणार? मानमोडीची लस वेळेवर द्यावी लागते. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथं जाऊन विचारावं.

इतक्या लहान कारभारावर रविवारची जागा का अडवावी, असं कुणी म्हणेल. मला हा कारभार लहान वाटत नाही. शेतीचा पैसा पुरुषाच्या खिशात जातो, दुधाचाही हल्ली खात्यावर जातो. अंड्याचा पैसा अजून बाईच्या पदराच्या गाठीत राहतो. बँकेत असताना एका योजनेखाली एक बाई दहा कोंबड्यांसाठी कर्ज मागायला आली होती. योजनेत दहा कोंबड्यांचा रकानाच नव्हता. होता तो शेकड्यांचा, पिंजऱ्याचा आणि बाजारच्या खाद्याचा. २०२३ च्या नोव्हेंबरात शासनानं शाळेच्या आहारात आठवड्याला अंडं द्यायचं ठरवलं, २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. मग लेकराच्या ताटातलं अंडं येणार कुठून? दारातूनच. ते दारात राहावं असं वाटत असेल, तर बचत गटांनी पेंड आणि शिंपल्यांचा चुरा पोत्यानं एकत्र आणावा आणि घरोघर वाटून घ्यावा. सुट्या किलोच्या भावात हा धंदा बसत नाही.

अक्कांना मी दोनच रकाने आखायला सांगितले : कोरड्या दाण्याचं वजन आणि अंडी. त्यांनी ते कॅलेंडरच्या पाठीमागं आखले. कोरड्या खाद्याचा पंधरवडा संपला आहे, आंबवणाचा सोमवारी सुरू होतो. तराजू गिरणीवाल्याकडून मागून आणला आहे. तो त्याला महिनाभर परत मिळणार नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.