घरगुती हिकमत : चांद पाहण्याआधी दुर्बिणीची काच

शाबानच्या २९ तारखेला मगरिबच्या वेळी गच्चीवर दुर्बीण नेणारी घरे आता रावेरातही आहेत. कुणी ती मुलांसाठी घेतलेली, कुणाच्या भावाने आखातातून आणलेली. वर्षभर कपाटात पडलेली दुर्बीण त्या संध्याकाळी हातात आली की ओढणीच्या नाहीतर कुर्त्याच्या टोकाने काच खसाखसा पुसली जाते. काचा खराब होतात त्या बहुतेक अशाच, पुसून पुसून.

रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा हरभरा-गव्हाच्या मळणीची धूळही हवेत असते. कोरडे कापड फिरवले की हेच कण काचेवर घासतात. काचेवर जांभळट किंवा हिरवट झाक दिसते, तो एक लेप असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. लेपामुळे तो वाया जाणे कमी होते. लेप ओरखडला की घरी दुरुस्त होत नाही.

चार-दोन कण काचेवर असले तर काहीच बिघडत नाही, त्यांना हात लावू नका. खरा शत्रू तेलकट डाग. पहिल्या रात्रीचा चांद सूर्य मावळला त्याच बाजूला, आपल्याकडून सावदा-फैजपूरच्या दिशेला, क्षितिजालगत आणि अजून उजळ असलेल्या आकाशात असतो. तेलकट काचेवर तो उजेड पसरतो आणि केसाएवढी कोर त्यात हरवते. डोळ्याकडची काच सर्वांत आधी मळते. पापण्यांचे तेल आणि सुरमा तिथेच लागतो. अत्तर लावलेल्या बोटांनी किंवा केळीच्या चिकाचे हात न धुता दुर्बीण धरूच नये.

स्वच्छ करायची ती दिवसा, निवांतपणे. काच खाली करून धरा आणि रबरी फुग्याने हवा मारा, म्हणजे धूळ खाली पडते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. उरलेले कण कोऱ्या, मऊ ब्रशने अलगद झटका. डाग राहिलाच तर चष्म्याच्या दुकानात मिळणारे मऊ कापड धुऊन वाळवून घ्या, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचे दोन थेंब त्यावर टाका. पाणी कापडावर घ्यायचे, काचेवर नाही. नाहीतर कडेने आत शिरते. मधून बाहेर, हलक्या हाताने एक फेर, मग कापडाची दुसरी बाजू. सुरम्याचा डाग निघाला नाही तर त्याच पाण्यात बेबी शाम्पूचा एक थेंब, आणि नंतर नुसत्या पाण्याचा एक हात. लेन्स साफ करण्याच्या द्रवात बहुधा अल्कोहोल असते. ज्यांचे मन घेत नाही त्यांना पाणी पुरते. हातांचे सॅनिटायझर मात्र कुणीच वापरू नये, त्यातल्या ग्लिसरीनचा थर काचेवर राहतो. आत धुरकट दिसले तर दुर्बीण घरी उघडू नका. मोठ्या दुर्बिणीतल्या आरशालाही हात नको, त्याचा लेप लेन्सपेक्षा नाजूक असतो.

दुर्बिणीतून दिसलेला चांद ग्राह्य धरायचा की नाही, हा उलेमांचा आणि हिलाल कमिटीचा विषय. पण एक गोष्ट मुलांना बजावून सांगा: सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही. मावळतीचा सूर्य लालसर आणि सौम्य वाटतो, तरी भिंगातून तो क्षणात डोळा जाळू शकतो आणि गेलेली नजर परत येत नाही. अझानची वाट पाहा, मग दुर्बीण उचला.

ईदनंतर ती चामड्याच्या पिशवीत कोंबू नका. पावसाळ्यात त्या ओलाव्याने काचेवर बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा. पुड्या दर वर्षी बदला, जुन्या ओलावा पिऊन निकामी झालेल्या असतात.