अर्ध्या इंचाची गोष्ट

नवे सिंक दुकानात जितके देखणे दिसते तितके घरी आल्यावर दिसत नाही. दुकानात ते मोकळे असते. घरी त्याला आयत्या भोकात बसायचे असते. गत नव्या सुनेसारखीच. घर आधीचे, चौकट आधीची, आणि जुळवून घ्यायचे मात्र तिने!

आमचा ओटा वडिलांनी १९७८ साली घातलेला. काळा कडप्पा. आंध्रातल्या कडप्पा भागावरून त्याला हे नाव पडले. हा जातीने चुनखडीचा दगड, म्हणून लिंबू सांडले की पांढरट डाग धरतो. असे डाग आईला पाठ आहेत. जुने सिंक बुडाशी गळू लागले तेव्हा दोन मिस्त्री पाहून गेले आणि दोघांनीही एकच निकाल दिला, "ओटा काढा, ग्रॅनाइट घाला." आई काही बोलली नाही. नुसता ओट्यावरून हात फिरवीत उभी राहिली. झाले, ओटा राहणार हे त्याच क्षणी ठरले.

आता खरेदी. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४!" असे सांगतो. वाचकहो, २०२ जातीच्या पोलादालाही चुंबक चिकटत नाही, बरे का! ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी, म्हणून ते स्वस्त आणि गंजायला सोपे. तेव्हा जात बिलावर लिहून घ्यावी. खोलीबद्दल मात्र मी दुकानदाराला विचारलेच नाही, आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, दहा इंची नको. वाकून वाकून कंबर जाते." सिंक निवडतो एक आणि त्यात हात घालतो दुसरा, अशी आपल्याकडची रीत आहे. आठ इंची घेतले.

बाहेरून २४ बाय १८ चे. काठ ओट्यावर टेकणारे, म्हणून भोक हवे २३ बाय १७. आमचे होते २२ बाय १६. म्हणजे चहूबाजूंनी अर्धा इंच दगड कापायचा. पण पुढच्या बाजूला जेमतेम तीन इंचांची पट्टी, आणि कडप्पा तडकतो तो नेमका अशा पट्टीतच.

तिसरे मिस्त्री वयाने मोठे. त्यांनी आधी खालून बोटांनी टकटक करून दगड पोकळ वाजतो का ते पाहिले. मग म्हणाले, "काका, पुढे हात लावायचा नाही. सगळा इंच मागून घेऊ." मागे भिंतीपर्यंत पाच इंच होते! इतकी साधी गोष्ट, पण आधीच्या दोघांनी टेपही काढली नव्हती. पट्टीखाली त्यांनी लाकडी टेकू दिले, कोपऱ्यांना आधी गोल भोके पाडली (काटकोनी कोपऱ्यातून चीर पळते), आणि पात्यावर पाण्याची धार धरून सावकाश कापले. पाण्याने धूळ बसते, छातीत जात नाही. आई तेवढा वेळ देवघरात होती. जप चालू होता की कान ग्रॅनाइटकडे, ते तिलाच ठाऊक.

दगड तडकला नाही.

एक गोष्ट मात्र कापण्याआधीच पाहावी. नवे भांडे जुन्याहून खोल असेल तर त्याचे तोंड खाली येते. भिंतीतला पाइप त्याहून वर राहिला तर पाणी उताराला लागत नाही. आमचा पाइप सुदैवाने खाली होता. वाकड्या नळीत थोडे पाणी कायम साचते, ते मुद्दाम. त्यानेच गटाराची घाण वर येत नाही.

काठाखाली सिलिकॉन भरून मिस्त्रींनी २४ तास पाणी बंद सांगितले. दुसऱ्या दिवशी मावशींनी सिंक काठोकाठ भरले, बूच एकदम काढले आणि सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरला. कोरडा निघाला. आईने मग विळी ओट्याला टेकवून ठेवली आणि चकलीची भाजणी भिजवायला घेतली.