जळालेल्या मोटारी येईनाशा झाल्या तर?

मालेगावला, म्हणजे नाशिकच्या नव्हे, आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला, माझ्या मामूंचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की दुकानासमोर जळालेल्या मोटारी ओळीने पडलेल्या असत. लाईट यायची ती रात्री, त्यात व्होल्टेज कमी. शेतकऱ्याचे नुकसान तीच मामूंची रोजी, असा विचित्र हिशेब होता.

यंदा गेलो तर ओळ लहान झालेली. मामू म्हणाले, "आता वावरात पाट्या लागल्या, बेटा. उन्हावरची मोटार जळत नाही तितकी."

२०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणली. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकी अनुदान आणि कर्जाचा भार सरकारवर. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाणी दिवसा मिळते. रात्री बॅटरी घेऊन साप-डुकरांच्या भीतीत बारे द्यायला जाणे टळते. म्हणून मी या बदलाच्या बाजूने आहे. मामूंचे गिऱ्हाईक घटले तरीही.

पण प्रश्न पुढचा आहे. या पंपांना पाच वर्षांची हमी असते. तोवर बिघाड झाला की कंपनीचा माणूस येतो. पाच वर्षांनंतर कोण येणार? पाट्या पंचवीस वर्षे टिकतात, कंट्रोलर तितका टिकत नाही. हे काम गावातल्याच कुणाला तरी करावे लागेल. वाइंडिंग, इन्व्हर्टर, बॅटरी, भंगार या धंद्यांत आपली मुले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनीच ते का करू नये?

अडचण इतकीच की हात तयार आहे, शिक्षण नाही. 'ऊन कडक तेवढी वीज जास्त' हे आपल्याकडे सगळेच मानतात. खरे म्हणजे पाटी तापली की तिची वीज कमी होते. मे महिन्यातल्या विदर्भात हे पक्के ठाऊक हवे. लिथियम बॅटरीला पाणी घालायचे नसते, तिच्यात चार्जिंगवर पहारा ठेवणारे सर्किट असते. ते न समजता उघडली तर आग लागते.

रशीद यझामी हे नाव किती जणांनी ऐकले आहे? मोरोक्कोच्या या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरते आणि परत बाहेर येते हे दाखवले. आज बहुतेक मोबाईलच्या बॅटरीत ग्रॅफाइट आहे. २०१४ साली त्यांना इतर तिघांसोबत अमेरिकेतले ड्रेपर पारितोषिक मिळाले. आपण मोबाईल दुरुस्त करतो, विकतो. तो चालतो कसा हे मात्र विचारत नाही.

दुसरी गोष्ट भंगाराची. जुनी शिशाची बॅटरी कुदळीने फोडायची, अ‍ॅसिड नालीत सोडायचे, शिसे वितळवायचे, आणि शेजारीच लेकरे खेळतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे अधू करते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी फोडणारा हात आपला असेल तर लेकरूही आपलेच आहे.

केंद्राचे 'सूर्यमित्र' प्रशिक्षण २०१५ पासून आहे. मोहल्ल्यातल्या कमिट्या वह्या-दप्तरे वाटतात, ते चांगलेच आहे. त्याच पैशातून दरवर्षी दोन मुलांना आयटीआय आणि नंतर हे प्रशिक्षण देता येईल. जलशावरचा एक मांडव लहान केला तरी खर्च निघेल.

मामूंनी धाकट्याला यंदा आयटीआयला घातले. दुकानाची पाटी अजून 'मोटार वाइंडिंग' अशीच आहे. खाली एक ओळ लिहायला जागा मात्र त्यांनी मोकळी ठेवली आहे.