अरबांची सामाईक बाजारपेठ

एक भाषा, एक लिपी, बहुतांशी एक धर्म आणि सलग भूप्रदेश. आर्थिक ऐक्याला याहून अनुकूल परिस्थिती कोणती असू शकेल? तरीही मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या अरब राष्ट्रांचा परस्परांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या एक दशांशाच्या आसपासच घुटमळत राहिला आहे.

करारांची वाण मात्र कधीच नव्हती. १९६४ साली इजिप्त, इराक, जॉर्डन व सीरिया यांनी सामाईक बाजारपेठेचा संकल्प सोडला. तो कागदावरच राहिला. १९८९ साली माराकेश येथे पाच मगरेब राष्ट्रांचा संघ स्थापन झाला. पण अल्जीरिया व मोरोक्को यांच्यामधील सरहद्द १९९४ पासून बंद आहे. त्या मानाने १९९८ साली अमलात आलेल्या बृहद् अरब मुक्त व्यापार क्षेत्राने बरीच मजल मारली. टप्प्याटप्प्याने उतरवलेली जकात १ जानेवारी २००५ पासून बहुतेक सदस्य राष्ट्रांनी रद्द केली. हे यश लहान नव्हे.

मग घोडे अडले कोठे? तेल विकणाऱ्याने तेल विकणाऱ्याकडून घ्यायचे काय, ही पहिली अडचण. जकात गेली तरी परवाने, दाखले आणि नाक्यांवरचा खोळंबा राहिलाच, ही दुसरी. पण सर्वांत मोठी अडचण, आमच्या मते, परस्परांवरील अविश्वासाची आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा राष्ट्रांनी २००३ साली जकात-संघ उभारला. त्याच संघातील कतारची सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व बहारीन यांनी जून २०१७ पासून जानेवारी २०२१ पर्यंत नाकेबंदी केली. ती उठून सहा महिने होतात न होतात तोच, जुलै २०२१ मध्ये सौदी अरेबियाने मुक्त क्षेत्रांत तयार होणारा, तसेच पुरेसे स्थानिक कामगार न ठेवणाऱ्या कारखान्यांचा माल जकात-सवलतीतून वगळला. ही कुऱ्हाड मुख्यतः अमिरातीतील कारखान्यांवर पडली, हे उघड आहे.

या भांडणाकडे गोमंतकाने परक्याचे म्हणून पाहू नये. आखाती कारखान्यांत राबणारे हात बहुतांशी परदेशी आहेत, त्यांत भारतीयांचा भरणा मोठा आहे, आणि आमच्याकडील कित्येक घरांच्या चुली तेथल्या मिळकतीवर पेटतात. दोन राजधान्यांतील चढाओढीचा चटका अखेर या हातांनाच बसतो.

अरब राष्ट्रांना आज आणखी एका कराराची गरज नाही. झालेले करार मोडणाऱ्याला, तो कितीही धनाढ्य असो, जाब विचारणारी आणि जिचा निवाडा सर्वांना मानावा लागेल अशी यंत्रणा त्यांना हवी आहे. ती उभी राहीपर्यंत ही बाजारपेठ राज्यकर्त्यांच्या मर्जीवरच उघडत आणि मिटत राहील.