न पाहिलेल्या कस्टम्स अप्रेझर साहेबांस

माननीय अप्रेझर साहेब,


वर नाव लिहिलेलं नाही, कारण ते मला कळण्याची सोयच नाही. 2020 मध्ये कस्टम्सचं फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं. तेव्हापासून माल एका बंदरात असतो आणि त्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात. ओळखीपाळखी आणि हात ओले करणं बंद व्हावं हा त्यामागचा हेतू मला आजही पटतो. म्हणूनच तुमची नोटीस जास्त लागली. ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही आणि ज्याचा माल कधी हातात घेतला नाही, त्याला तुम्ही लबाड ठरवलंत.

माल साधा आहे. चीनहून आलेले पॉलिस्टर होजिअरीचे पुरुषांचे पोलो शर्ट, कॉलरचे, अर्ध्या बटणपट्टीचे. मी ते कस्टम्स टॅरिफच्या 6105 या शीर्षकाखाली, म्हणजे शर्ट म्हणून दाखवले. फोटो पाहून तुमची क्वेरी आली: खाली रिब दिसते, वीण जाड वाटते, सबब हे 6110, पुलओव्हर. आमच्यासारख्यांच्या स्वस्त मालाला नुसती 20 टक्के ड्यूटी लागत नाही. टक्का किंवा नगामागची ठरीव रक्कम, यांत जे जास्त ते भरावं लागतं. सिंथेटिक पुलओव्हरची ही रक्कम शर्टापेक्षा चढी आहे. भांडण एवढंच होतं, आणि ते भांडता आलं असतं.

कारण कायद्याने इथे कोणाच्या नजरेवर काही सोडलेलंच नाही. टॅरिफच्या 61व्या प्रकरणातली चौथी टीप उघडा. कमरेखाली खिसा असेल, खालच्या घेराला रिबचा पट्टा किंवा आवळायची दुसरी काही सोय असेल, किंवा किमान 10 बाय 10 सेंटिमीटरच्या तुकड्यावर मोजून दोन्ही दिशांना सेंटिमीटरमागे सरासरी 10 टाके भरत नसतील, तर तो कपडा 6105 मध्ये बसत नाही. याच प्रकरणात बटणपट्टीची डावी बाजू उजवीवर येते की उजवी डावीवर, यावरून कपडा पुरुषाचा की बाईचा ते ठरतं. बाळाचा कपडा कुठला, तर 86 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलाचा. इतक्या बारकाईने लिहिलेलं पुस्तक हाताशी असताना 'जाड वाटते' हे कारण कसं चालतं?

माझ्या शर्टाच्या खाली रिब नाही. साधी दुमडून मारलेली शिलाई आहे, ती फोटोत फुगीर दिसते. टाके आम्ही भिंगाखाली मोजले, दहाच्या वर भरले. हे लेखी कळवलं, नमुना तपासा म्हणून विनवलं. नमुना लॅबला गेलाही. पण तुमच्या टेस्ट मेमोत प्रश्न एकच होता: धागा कुठला? उत्तर आलं, पॉलिस्टर. ते तर मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं! टाक्यांबद्दल लॅबला कोणी विचारलंच नाही, आणि तरीही 'लॅब रिपोर्ट पाहता' असं म्हणून शर्टाचा पुलओव्हर झाला.

कस्टम्स कायद्याचं कलम 17(5) सांगतं की आयातदाराला मान्य नसलेलं फेरनिर्धारण केलं, तर 15 दिवसांत कारणांसह आदेश द्यायचा. तो आदेश मिळाला असता तर मी 60 दिवसांत अपिलात गेलो असतो. आदेश आला नाही. कलम 18 खाली बाँड घेऊन माल तात्पुरता सोडता आला असता. त्या अर्जालाही उत्तर नाही. कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, पडून राहिला, भाडं चढत गेलं, दिवाळीचा हंगाम हातचा गेला. व्यापारात हे होतं, सोसतो आपण.

सोसत नाही ते नोटिशीतलं कलम 111(एम). खोटी माहिती दिली म्हणून माल जप्तीस पात्र. साहेब, मी काय लपवलं? धागा खरा, नग खरे, किंमत खरी, फोटो मीच दिलेले. शीर्षक कोणतं लागतं याबद्दल माझं मत तुमच्याहून वेगळं होतं, इतकंच. नॉर्दर्न प्लास्टिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच सांगितलं आहे की मालाचं वर्णन खरं असेल, तर अमुक वर्गीकरणावर किंवा सवलतीवर दावा करणं म्हणजे खोटी माहिती देणं नव्हे. 2011 पासून वर्गीकरण आधी आयातदारानेच करायचं, असा नियम सरकारने केला. आमच्यावर विश्वास टाकला, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. मतभेद झाला की चोरीचं कलम लावायचं, याला विश्वास कोण म्हणेल?

आपल्या तिरुपूरच्या होजिअरी कारागिरांना संरक्षण हवं, त्यासाठी ड्यूटी हवी, हे मला मान्य आहे. ड्यूटी चुकवायची नाही मला.

तेव्हा मागणं असं. टाके मोजायला सांगून नमुना पुन्हा लॅबला पाठवा आणि येईल तो आकडा आदेशात लिहा. टाके कमी भरले तर फरक व्याजासकट भरतो. निकाल काहीही लागो, 111(एम) मात्र मागे घ्या, आणि ते लेखी कळवा.

आपला,
भिवंडीचा एक लहान आयातदार