चित्राला ‘विषय’ लागतोच का?

प्रदर्शनात आपला माणूस चित्रासमोर उभा राहिला की आधी खाली वाकतो. तिथे चिकटवलेली चिठ्ठी वाचतो आणि मग वर बघतो. चिठ्ठीवर ‘दुष्काळ’ लिहिलेलं असेल तर गंभीर होतो, ‘माय’ लिहिलेलं असेल तर हळवा होतो, आणि ‘स्थिरचित्र’ लिहिलेलं असेल तर सरळ पुढच्या चित्राकडे सरकतो! मला या सरकण्याबद्दल लिहायचं आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे याला ‘स्टिल लाइफ’ म्हणत. ‘स्थिरचित्र’ हा शब्द बारामतीत इंजिनियरिंगला आल्यावर रूममेटच्या तोंडून ऐकला. ती मराठी माध्यमाची, तिची ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ दोन्ही झालेली. शब्द वेगळे, पण आठवण दोघींची सारखीच. स्टुलावर सुरकुतलेलं फडकं, त्यावर एक किटली, दोन वांगी, एखादा कांदा. सगळ्यांनी गोल बसायचं आणि कोणाच्या वाट्याला किटलीचा कान येतो, कोणाच्या वाट्याला नुसती पाठ! कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना दरवर्षी महाराष्ट्रभरातली मुलं बसतात, आणि दहावीला त्याचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून तर स्थिरचित्र म्हणजे पाढे झाले आहेत. पाठ करायचे, परीक्षा द्यायची, सोडून द्यायचे. ‘खरं’ चित्र त्यानंतर सुरू होतं आणि त्याला विषय असतो, अशी आपली पक्की समजूत.

ही समजूत आपली एकट्याची नाही, बरं का. फ्रान्समध्ये १६६७ साली आंद्रे फेलिबियाँ नावाच्या गृहस्थांनी चित्रांची चक्क उतरंड लावून दिली होती. देवादिकांची आणि इतिहासातली चित्रं सगळ्यात वर, मग व्यक्तिचित्रं, मग प्राणी, निसर्गदृश्यं, आणि तळाला फळं-फुलं-भांडी. फ्रेंचमध्ये स्थिरचित्राला शब्दही कसा, तर ‘नेचर मॉर्त’, म्हणजे मेलेला निसर्ग! त्याच फ्रान्समध्ये पुढच्या शतकात शार्दँ नावाचा चित्रकार आयुष्यभर तांब्याची पातेली आणि फळं रंगवत बसला. आज त्याची पातेली बघायला जग लुव्र संग्रहालयात जातं. त्याच्या काळातल्या किती ‘थोर’ विषयांच्या चित्रकारांची नावं आपल्याला सांगता येतील?

इंजिनियरिंगवाल्यांना सेझान हा माणूस आवडायला हवा. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू म्हणून बघा, असा सल्ला त्याने १९०४ साली एका तरुण चित्रकाराला पत्रातून दिला. आपण पहिल्या वर्षाला एन. डी. भट यांचं जाडजूड पुस्तक घेऊन हेच करत होतो की! फरक एवढाच, की आपण शंकू कापून मार्क मिळवले आणि विसरलो. सेझानने सफरचंदं रंगवता रंगवता पुढच्या क्युबिझमची वाट मोकळी केली. लढाया रंगवून नव्हे, टेबलावरची फळं रंगवून.

आता आपल्या घरी येऊ. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, बाकरे, गाडे ही नावं घेतली जातात. सहावे कृष्णाजी हौळाजी आरा, यांचं नाव मात्र घाईत घेतलं जातं. आरांचा जन्म सिकंदराबादजवळचा. लहानपणी मुंबईत आले, घरगड्याचं काम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. मोटारी धुणाऱ्या आणि तुरुंग बघितलेल्या माणसाकडे ‘विषय’ काही कमी होते का? पण त्यांची ओळख झाली ती फुलदाण्या, फळं आणि भांड्यांच्या चित्रांमुळे. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं, त्या चित्राचं नाव ‘टू जग्ज’. दोन जग. बस्स! मला हे नाव फार आवडतं. समोर जे आहे त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त सांगायचं नाही, एवढा त्यात आत्मविश्वास आहे.

दुसरं नाव प्रभाकर बरवे (१९३६-१९९५). मूळचे रायगडमधल्या नागावचे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक १९९० साली ‘मौज’ने काढलं. आमच्या घरी ते आत्याच्या कपाटात होतं. माझं मराठी वाचन कॉन्व्हेंटच्या मानाचं, त्यामुळे एकेका पानाला अर्धा अर्धा तास लागला, पण सोडवेना. बरव्यांच्या चित्रात काय असतं? घड्याळ, पान, सेफ्टी पिन, शिंपला. आपल्या शाळेच्या स्टुलावर असल्या तरी चालतील अशा वस्तू. पण त्या स्टुलावर नसतातच. एकमेकींपासून लांब, मोकळ्या जागेत तरंगत असतात. पिन झाडाएवढी होते, सावली वस्तूचं ऐकत नाही. बघता बघता आपल्याला वाटायला लागतं, की अरे, या पिनेला मी रोज हात लावते, पण हिच्याकडे कधी पाहिलंच नाही! रंग तरी कुठले? बरेचदा साधा एनॅमल पेंट, दारं-खिडक्यांना लावतात तो. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांचं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे मोठं प्रदर्शन भरलं. पेपरात त्याची बातमी झाली ती उद्घाटनात अमोल पालेकरांचं भाषण अडवलं म्हणून. भाषण अडवणं चूकच होतं, पण चित्रांबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. असो.

कोणी म्हणेल, हे सगळं मुंबईचं. बारामती-इंदापूरला याचं काय? सांगते.

गेल्या वर्षी जवळच्याच एका कॉलेजात चित्रस्पर्धा झाली. विषय होता ‘शेतकरी’. आमच्याकडून तिघी गेलो होतो. इंदापूर तालुक्यातली एक मुलगी, माझ्याच बॅचची, घरची डाळिंबाची बाग. तिने काय काढलं? खिडकीचा कट्टा, त्यावर स्टीलचा जेवणाचा डबा आणि एक डाळिंब. डाळिंबावर काळे तेलकट डाग आणि मधोमध तडा. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको, तो ‘तेल्या’ होता. तेल्या पडला की फळ तडकतं आणि व्यापारी हातही लावत नाही. डब्याच्या गोल पोटात त्या डाळिंबाचं वाकडं प्रतिबिंब तिने असं काही उतरवलं होतं, की आम्ही दोघी आपापलं चित्र टाकून तिच्या मागे उभ्या राहिलो.

परीक्षक सर आले. म्हणाले, “बेटा, छान आहे. पण यात शेतकरी कुठाय?” तिच्या चित्राच्या मागे ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा पडला आणि ते भिंतीवर लागलंच नाही. पहिला नंबर आला तो भेगाळलेली जमीन, कपाळावर हात, आकाशाकडे नजर आणि एक गिधाड, अशा चित्राचा. काढणारा मुलगा नीरा कालव्याच्या बागायतीतला, दारात ऊस. भेगाळलेली जमीन बघायची तर आपल्याच तालुक्याच्या जिरायती भागात, सुप्याकडे जाता येतं, पण त्याने ती मोबाइलवरून उतरवली होती. येताना एसटीत मी तिला म्हटलं, “अगं, सरांना सांगायचं तरी ना!” ती म्हणाली, “काय सांगू? शेतकरी फवारणीला गेलाय म्हणून?”

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. विषय वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. सुधीर पटवर्धनांचं उदाहरण घ्या. पुण्यात जन्मले, पुण्याच्याच एएफएमसीत डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम केलं आणि कामगार, लोकलचे प्रवासी, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस रंगवला. त्यांची चित्रं विषय सोडून बघताच येत नाहीत. पण तो माणूस त्यांनी रोज पाहिलेला आहे. एक्स-रे काढणाऱ्या माणसाने बाहेरूनही किती बारकाईने पाहावं! पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ सालचं चित्र २०२५ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ११८ कोटींच्या वर गेलं, तो तेव्हाचा उच्चांक होता. त्यातही खेडंच आहे. म्हणजे विषय चालतो, मोठाही चालतो. माझी तक्रार आहे ती पाहण्याच्या ऐवजी विषय वापरण्याबद्दल. आपल्याकडची वारीची चित्रं बघा. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला, इंदापूरला रिंगण होतं. आपल्या दारातून पालखी जाते! तरी आपल्या चित्रातला वारकरी कॅलेंडरवरचाच. पालखी पुढे गेल्यावर शाळेच्या व्हरांड्यात राहिलेली पत्रावळ आणि तुटकी चप्पल कोणी काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचंही तेच.

मग आजकालच्या कलेचं काय? आपल्या कट्ट्यावर ‘मॉडर्न आर्ट’ म्हटलं की केळ्याचा जोक होतोच. मौरिझिओ कॅटेलान या इटालियन कलाकाराने २०१९ साली मायामीत भिंतीला चिकटपट्टीने एक केळं चिकटवलं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने ते केळं खाऊन टाकलं. उजनीच्या पाण्यावर केळी करणाऱ्यांनी ही बातमी वाचली असेल तर त्यांच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना करवत नाही. मला स्वतःला ते केळं आवडत नाही. गंमत एकदाच येते, दुसऱ्यांदा बघितलं की फक्त किंमत दिसते. पण त्याच माळेत सुबोध गुप्ताला बसवणं मला पटत नाही. बिहारमधल्या खगौलचा हा कलाकार. त्याने २००६ साली स्टीलच्या पातेल्या, बादल्या, डबे जोडून एक अजस्र कवटी केली, नाव ‘व्हेरी हंग्री गॉड’. आपल्या मेसमधलीच भांडी ती! चकचकीत स्टील म्हणजे घरात आलेली सुबत्ता, आणि तेच रिकामं असेल तर भूक. हे सगळं भांडंच सांगतं, चिठ्ठी वाचावी लागत नाही. मी याला स्थिरचित्रच म्हणेन, फक्त स्टूल मोठं झालंय.

पुण्याचे रवी परांजपे (१९३५-२०२२) यांनी पाश्चात्त्य आधुनिकतेच्या आंधळ्या अनुकरणावर आयुष्यभर टीका केली. त्यांचा राग मला समजतो. कसब नसलं की ‘कन्सेप्ट’ पुढे करायची, ही पळवाट आहेच. पण गंमत बघा, आमच्या स्पर्धेतही तेच झालं. तिथे कन्सेप्टऐवजी ‘सामाजिक विषय’ पुढे केला, एवढंच. गिधाड काढलं की हात थोडा कच्चा असला तरी चालतो. नुसतं डाळिंब काढायला बसलात तर कच्चा हात लगेच उघडा पडतो, लपायला जागाच नसते.

शिवाय आता एक नवीनच भानगड आहे. आपल्या गॅदरिंगचे पोस्टर गेली दोन वर्षं एआयवर होतात. ‘दुष्काळ, हताश शेतकरी, मावळता सूर्य’ एवढं टाइप करा, दहा सेकंदांत गिधाडासकट चित्र हजर. म्हणजे ज्याला आपण विषय म्हणतो तो आता फुकट मिळतो. ‘डब्यात दिसणारं तेल्या पडलेलं डाळिंब’ असं मी टाइप करून बघितलं. डबा आला, डाळिंब आलं, दोन्ही लखलखीत. डाग मात्र टिकल्यांसारखे सुंदर! बाग गेली की घरात जेवताना कोणी बोलत नाही, हे त्या मुलीच्या चित्रात डब्याच्या बंद झाकणावर होतं. ते त्या मशीनला कुठून येणार?

इंजिनियरला चित्रकलेशी काय करायचंय, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच माहिती. जलरंगांसाठी गाजलेले पुण्याचे मिलिंद मुळीक शिक्षणाने इंजिनियर आहेत.

आता मागणी. यंदाच्या गॅदरिंगला चित्रस्पर्धेत एक विभाग बिनविषयाचा ठेवावा. प्रत्येकाने घरची किंवा होस्टेलची एक वस्तू आणायची, रोज हाताळतो ती, आणि तीच समोर ठेवून काढायची. चित्राखाली नाव नाही, चिठ्ठी नाही. परीक्षकांना मुलांनी काही समजावून सांगायचं नाही आणि परीक्षकांनीही ‘हे कशाचं आहे’ असं विचारायचं नाही. सांस्कृतिक समितीकडे अर्ज दिलाय, त्यावर आतापर्यंत तेवीस सह्या झाल्यात. टेबलं वर्कशॉपमधून मिळतील असं तिथल्या काकांनी सांगितलंय, फक्त एनॅमलचे डाग पडले तर पुसून द्या म्हणाले. ‘ती’ अजून सही करायला तयार नाही. डाळिंब मात्र आणून देते म्हणाली.